दोन रंग चढलेच नाहीत

आशागडला माझी ठरलेली बारा-तेरा घरं आहेत. धाकट्या डहाणूहून रिक्षाने स्टेशन, तिथून दुसरी रिक्षा, पुढे डोक्यावर टोपली. वीस वर्षं हेच करत होते. एका थंडीत तिसऱ्या घरापाशी टोपली खाली ठेवली आणि मला ती परत उचलता येईना. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "कुसुमताई, तोंड बघा कसं पांढरं पडलंय." मी म्हटलं, "पापलेट विकून विकून पापलेटासारखी झाले असेन." दोघी हसलो. विनोद करून वेळ मारून न्यायला मी पहिल्यापासून हुशार. त्या हुशारीत माझे सहा महिने गेले.

डहाणूतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी शौचाला काळं होतं हे शेजारणीने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे काळं दिसलं की मी ते गोळ्यांच्या माथी मारून मोकळी. दोनदा गोळ्या बदलल्या, रक्त काही चढेना. शेवटी तेच डॉक्टर म्हणाले, "हे रक्त कुठून तरी जातंय. दुर्बीण घालून बघायला हवं." त्यांनी वापीच्या पुढच्या एका हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून दिली.

ज्यांना हा आजार नव्याने कळलाय त्यांच्यासाठी मी हे लिहितेय, म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगते. रक्त कमी आहे म्हटल्यावर ते का कमी झालं हे डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

बोंबील कोण उतरवणार

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला एक खारट पाणी पाजतात. समुद्राच्या काठी जन्म गेला, पण असलं पाणी कधी तोंडात गेलं नव्हतं. माझे मिस्टर बोटीवर खलाशी आहेत, मोठी मोठी वादळं बघितलेला माणूस. ते संडासाच्या दाराबाहेर उभे राहून दर पाच मिनिटांनी विचारत होते, "आता कसं वाटतंय?" मी आतून ओरडले, "तुम्ही जा ना बंदरावर!"

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून सांगितलं. आतड्यात उजव्या बाजूला गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, पण बघून त्यांना बरं वाटत नाही.

मिस्टरांनी विचारलं, "गाठ विरघळायची गोळी असते ना?"

मी विचारलं, "बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकलेत. बाहेर आभाळ भरून आलंय. ते कोण उतरवणार?"

डॉक्टरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं असेल, या बाईला काही कळलेलं नाही. मला सगळं कळलं होतं. पण गाठीचं मला काय करता येणार होतं? बोंबलांचं निदान काहीतरी करता आलं असतं.

परत येताना तलासरीजवळ गाडी चहाला थांबली. मी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि मला रडू फुटलं. चारचौघांत हमसाहमशी. मिस्टरांना वाटलं मी बिस्किटासाठी रडतेय. ते धावत जाऊन नवा पुडा घेऊन आले. आज मला त्याचं हसू येतं, पण त्या पुड्याइतकं प्रेम मला पुढच्या सगळ्या आजारपणात दुसऱ्या कशात दिसलं नाही.

रेघ मारलेला कागद

तुकड्यात कॅन्सरच निघाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टर कागद भरायला आले.

"घरात कोणाला कॅन्सर?"

"नाही."

"आई-वडील?"

"आई ठणठणीत आहे. वडील बोटीवरच्या अपघातात गेले, छत्तीसाव्या वर्षी."

"भावंडं?"

"एक धाकटी बहीण. झाईला दिलीय. धडधाकट आहे."

त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि गेले. मी खोटं बोलले नव्हते. निदान मला तसंच वाटत होतं.

ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही. ते तुमचंही होईल आणि तुम्हीही उठाल. वॉर्डात पहाटे पाचला दिवे लागतात, सहाला फरशी पुसतात, आठला डॉक्टर येऊन पोट दाबतात आणि विचारतात, "वारा सरला का?" सगळ्या वॉर्डाचं लक्ष त्या उत्तराकडे असतं. चौथ्या दिवशी माझा सरला, तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. ती उधव्याकडची वारली आजी होती. फार बोलायची नाही. माझे हात सुयांनी सुजले होते, केसांचा गुंता झाला होता. एका दुपारी ती उठली, आपली फणी घेऊन माझ्या उशाशी बसली आणि न विचारता माझे केस विंचरू लागली. मला कोणी विंचरून दिल्याला तीस वर्षं झाली असतील. मी डोळे मिटून पडून राहिले. त्या अर्ध्या तासात मला भीती वाटली नाही.

घरी मात्र सगळं विस्कटलं होतं. मिस्टरांनी बोट सोडली. सोळा वर्षांची सानिका, माझी लेक, कॉलेजातून येऊन भाकऱ्या थापायची आणि कोणी काही विचारलं तर फिस्कारायची. एकदा मिस्टर तिला ओरडले, ती त्यांना ओरडली, आणि मग दोघंही माझ्याकडे फोन करून एकमेकांची तक्रार करत होते. मी नाकात नळी घालून दोघांचा न्याय करत होते.

चार काचपट्ट्या

टाके निघाल्यावर डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्या वलसाडकडच्या, साठीच्या. मराठी बोलतात, पण गुजराती वळणाने.

"कुसुमबेन, बसा ने. गाठ पूरी निघाली. औषधाचे डोस घ्यावे लागतील, ते बघू. पण तुमचं वय बेचाळीस. इतक्या लहान वयात ही गाठ आली, म्हणून तुकडा अजून एकदा रंगवून तपासला."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, पेशी वाढताना चुका होतात, त्या दुरुस्त करायला आत चार राखणदार असतात असं समजा. गाठीच्या पातळ चकत्या कापून चार काचपट्ट्यांवर ठेवतात आणि एकेका राखणदारासाठी एकेक पट्टी रंगवतात. राखणदार जागेवर असला की तपकिरी रंग चढतो.

पहिली पट्टी तपकिरी, काथ लावल्यासारखी. दुसरीही तशीच. तिसरी फिकट निळसर, चौथीही. मधे मधे थोडे तपकिरी ठिपके, बाकी काही नाही.

मी बाजारातली बाई. विचारलं, "रंगच खराब नव्हता ना?"

"सारो सवाल, चांगलं विचारलं. पण जुओ, बाजूच्या चांगल्या पेशी आहेत ने, त्यांच्यावर चढलाय. ते ठिपके त्यांचेच. गाठीवरच चढला नाही."

आम्ही मासा ताजा की शिळा हे कल्ला उघडून बघतो. लाल असला तर ताजा, फिका पडला की गिऱ्हाईक पुढे जातं. त्या दिवशी माझाच कल्ला उघडून समोर धरला होता.

"दोन राखणदार गैरहजर आहेत," त्या म्हणाल्या. "असं बऱ्याच वेळा जन्मापासून येतं, आईकडून नाहीतर बापाकडून. रक्त तपासून पक्कं करू. पण आधी सांगा, घरात कोणाला होतं?"

"कोणाला नाही. कागदावर लिहिलंय."

"वडिलांना बहिणी?"

"दोन होत्या."

"कशाने गेल्या?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं. मोठी आत्या चिंचणीला दिलेली. पाळी गेल्यावर परत अंगावरून जायला लागलं, पिशवीचा आजार म्हणाले, दीड वर्षात गेली. धाकटी आत्या सातपाटीची. पोट फुगायचं, उलट्या व्हायच्या, कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं अल्सर. चाळिशीत गेली.

"मग 'कोणी नाही' कसं सांगितलं, बेन?"

"त्या आमच्या घरच्या नाहीत ना," मी म्हणाले. "लग्न होऊन गेल्या."

हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल, पण आमच्याकडे हिशोब असाच आहे. दिलेली लेक त्या घरची झाली. ती गेली तर माहेरी सुतक तीन दिवसांचं, सासरी दहा. दोन्ही आत्यांचं आम्ही तीन-तीन दिवस पाळलं, चौथ्या दिवशी आईने मासे साफ करायला घेतले. 'घरात कोणी आजारी होतं का' म्हटल्यावर त्या दोघी माझ्या डोळ्यांपुढेही आल्या नाहीत. आणि बाबा आजाराचं वय गाठायच्या आधीच गेले, त्यामुळे आमचं घर कागदावर स्वच्छ.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "सुतक तीन दिवसांचं असेल. पण रक्त तर एकाच बापाचं ने?"

रक्ताचा रिपोर्ट यायला काही आठवडे गेले. आला तो होकाराचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता बहिणीला सांगा. तिच्यातही असेल किंवा नसेल, अर्धी-अर्धी शक्यता. असेल तर दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण. गाठीचा कॅन्सर व्हायच्या आधीच ती काढून टाकता येते. तुमची मुलगी अठराची झाली की तिला विचारू. आत्यांच्या मुलांनाही कळवा. पण पहिली बहीण."

शपथ

माझी बहीण जयवंती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याच महिन्यात तिच्या मुलीची सोयरीक ठरली होती, लग्न पाच महिन्यांवर. मी रिपोर्ट घेऊन आधी आईकडे गेले. आई आमच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. तिने सगळं ऐकलं, सुकट निवडायचं काही थांबवलं नाही.

"जयवंतीला काय सांगू नको," ती म्हणाली. "लगीन होऊन जाव दे."

"आई, तोवर तिला काही झालं तर?"

"आणि आता सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर? आईचं रक्त वाईट, म्हणजे पोरीचं पन वाईट. कोन पोरगी नेल? तुला माझी शपथ हाय, कुसुम."

आईला कठोर म्हणू नका. तिशीच्या आत विधवा झाली. शुभकार्यात लोकांनी तिला कसं मागच्या दाराशी बसवलं, ते मी लहानपणी बघितलंय. सुकी मासळी विकून तिने दोन पोरींची लग्नं केली. लोक काय बोलतील याची तिला वाटणारी भीती उगाच नव्हती, तिने ती भोगलेली होती.

पण खरं सांगायचं म्हणून बसले आहे, तर हेही सांगते. ती शपथ मला सोयीची होती. जयवंती रोज फोन करायची, साड्यांचे फोटो पाठवायची, आणि माझ्या पोटावर वीतभर व्रण. कधी वाटायचं, तिचा आनंद कशाला नासवू. कधी वाटायचं, सगळं हिचंच का नीट? अशा विचारांची लाज वाटायची, मग मी फोनवर आणखी गोड बोलायचे.

तोवर माझे डोस सुरू झाले. त्या औषधाने थंड वस्तूला हात लागला की बोटांतून करंट जातो. बाकीच्यांना सांगतात, फ्रीज उघडताना हातमोजे घाला. आणि माझं सगळं पोट बर्फावर! पहिल्या डोसानंतर विसरून पेटीत हात घातला आणि अशी किंचाळले की शेजारीण धावत आली. तेव्हापासून बर्फातला मासा मिस्टर विकायला लागले. त्यांना भाव करता येत नाही. बायका त्यांना दोन मिनिटांत गुंडाळायच्या. मी घरात बसून सुकट आणि बोंबील विकले, आणि त्यांना संध्याकाळी शिकवणी दिली.

दर डोसाच्या वेळी डॉक्टरबाई विचारायच्या, "बहिणीला सांगितलं?"

मी म्हणायचे, "हो."

कालचा मासा आजचा म्हणून मी कधी विकला नाही. गिऱ्हाईकाला विचारा. पण त्या बाईला, जिने माझा जीव वाचवला तिला, मी तीन वेळा डोळ्यांत बघून खोटं सांगितलं. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "बहु सरस. तिची दुर्बीण कधी आहे? मीच करीन, चिठ्ठी देते." आणि पेन उघडून थांबल्या. "नाव बोला."

माझ्या तोंडून नाव निघेना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पेनला टोपण लावलं आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या मोठ्या आत्याला त्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं, बेन. हिला आहे."

बाहेर आल्यावर मी मिस्टरांना म्हटलं, "गाडी झाईला घ्या."

झाई

जयवंती ओटीवर बसून आमंत्रणाची यादी करत होती. तिची सासू अंगणात जाळ्यातून अडकलेला कचरा काढत होती. मी बसले, पाणी प्यायले आणि एका दमात सगळं सांगितलं. काचपट्ट्या, दोन आत्या, रक्त, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

जयवंतीचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"ताई, तू माझ्या पोरीचं लगीन मोडाया आलीस?"

"नाही गं."

"मग आता कशाला बोलतेस? दोन महिने थांबली असतीस तर? मला काय झालेलं नाय, मी रोज दोन हंडे पानी आनते. तुला झालं म्हनून सगळ्यांना व्हावं?"

शेवटचं वाक्य मला जिथे लागायचं तिथे लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. मी उठले. मिस्टर गाडीकडे निघालेच होते.

"बस खाली, कुसुम," सासू म्हणाली. तिने जाळं बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले. "जयवंती, आवाज खाली कर. आता मला सांग, ही तुझी बहीन, बरोबर? उद्या तुला बरंवाईट झालं तर तुमच्या माहेरी सुतक किती?"

"तीन दिस," जयवंती पुटपुटली.

"आनि माझ्या घरी?"

जयवंतीने यादीचा कागद उलटा ठेवला.

"दहा. म्हंजे तू माझ्या घरची. मग तुला दाक्तरकडं न्यायचं का नाय, ते ना तुझी आई ठरवनार, ना तू. मी ठरवीन."

"आई, सोयरे..."

"सोयऱ्यांना मी सांगीन. मोडायचं असंल तर आज मोडू दे. माझ्या नातीला मांडवात आई पायजे."

माझ्या आत्यांना ज्या हिशोबाने आम्ही परकं करून टाकलं, तोच हिशोब या बाईने उलटा मांडला आणि सुनेला जवळ ओढलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती पुन्हा जाळं घेऊन बसली होती.

सोयरीक मोडली नाही. मुलाच्या आईने फक्त विचारलं, "तारीख पुढं ढकलायची का?" इतकंच. तीन महिने ज्या भीतीने आई जेवली नाही, ती भीती त्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन विरून गेली. प्रत्येक घरी असं होईल असं मी म्हणणार नाही. आमच्या नशिबी तसं झालं.

निकाल

जयवंतीचं रक्त होकाराचं निघालं. ज्या दिवशी दुर्बीण होती त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी, तिची सासू आणि माझी आई बसलो होतो. आईने शपथेचा विषय काढला नाही, मीही नाही. ती नुसती माझ्या हाताची बोटं चोळत होती, कारण त्या हॉलमध्ये एसी होता आणि मला करंट बसत होता.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. दोन गाठी होत्या, दोन्ही आतच काढल्या. एक बारीक, एक चांगली मोठी. कॅन्सर नव्हता. पण मोठी तशीच राहिली असती तर पुढे काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझी आई तिथेच, एवढ्या लोकांत, जमिनीवर बसून रडली.

जयवंती पलंगावर गुंगीत होती. मी जवळ गेले तसे तिने डोळे उघडले. मला वाटलं आता माफी मागेल, गळ्यात पडेल. मी तयारीत होते.

"ताई," ती म्हणाली, "तुला कधी कळलं होतं?"

मी सांगितलं.

तिने मनात महिने मोजले. मला ती मोजताना दिसली.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने माझ्याशी साड्यांचं बोलत राहिलीस?"

आईची शपथ, लग्न, डोस, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. बाहेर बाकावर आई होती. मी तिचं नाव घेतलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी जायला उठले, तेव्हा तिने मागे न बघता माझं मनगट धरलं.

"मोठ्या आत्याची पोरगी शालू चिंचणीला हाय ना? तिला कोनी सांगितलं का?"

"नाही."

"तिच्यात नि आपल्यात बोलनं पन नाय. आत्या गेल्यापासून आपन तिच्या दारात गेलो नाय."

"माहीत आहे."

"मग उद्या जाऊ," जयवंती म्हणाली. "आनि दारातनं हाकललं तर परवा परत जाऊ."

आम्हाला तीनदा जावं लागलं.